यीस्टची बशी आणि दुपारचं ऊन : जनुकं वर्गात दाखवायची कशी?

 

आजची सुरुवात आपण दोन वाक्यांपासून करू. दोन्ही वाक्यं आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेली आहेत. पहिलं, 'आईवडिलांचे गुण जनुकांद्वारे पुढच्या पिढीत येतात.' दुसरं, 'सूर्याचे अतिनील किरण सजीवांना हानिकारक असतात.' परीक्षेत दोन्हींना गुण मिळतात. पण आपल्यापैकी किती जणांनी जनुकाचं काम स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय? आणि उन्हाने एखादी पेशी मरते हे किती जणांनी पाहिलंय? बहुतेक कोणीच नाही. फळ्यावर मेंडेलच्या वाटाण्याचा चौकोन काढला जातो, त्यात मोठा टी, लहान टी भरला जातो, आणि तास संपतो.

आम्ही दोघं अनेक वर्षं शाळा-कॉलेजांतून प्रयोग घेत हिंडतो. त्या अनुभवावरून सांगतो, ही दोन्ही वाक्यं तीन-चार दिवसांत, एका बशीत, मुलांना स्वतःच्या हाताने तपासून बघता येतात. त्यासाठी लागतं यीस्ट. तेच, जे पाव फुगवतं.

ही कल्पना आमची नाही, हे आधीच सांगायला हवं. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात मॅनहॅटन नावाचं गाव आहे. न्यूयॉर्कमधलं मॅनहॅटन वेगळं, हे वेगळं. तिथल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठात टॉम मॅनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळाशिक्षकांना सोबत घेऊन यीस्टचे वर्गात करण्याजोगे प्रयोग बसवले. १९९०च्या दशकात ते तिकडच्या शाळांमध्ये चांगलेच पसरले. संशोधनासाठी वापरले जाणारे यीस्टचे वाण त्यांनी सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या हातात दिले. आपण आज जे बोलणार आहोत त्याचा पाया तो आहे.

यीस्टच का?

यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. शास्त्रीय नाव सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. एक पेशी साधारण ५ मायक्रोमीटरची, म्हणजे एका मिलिमीटरात दोनशे पेशी ओळीने बसतील. इथे नेहमी एक प्रश्न येतो, इडलीचं पीठ फुगतं तेही यीस्टमुळेच ना? मुख्यतः नाही. ते काम प्रामुख्याने जिवाणूंचं आहे. यीस्ट जिवाणू नव्हे. त्याच्या पेशीत आपल्यासारखं केंद्रक असतं, केंद्रकात गुणसूत्रं असतात, आणि पेशी विभागते त्या पद्धतीचे मुख्य टप्पे आपल्या पेशीसारखेच असतात. म्हणूनच यीस्टवर काम करून लेलँड हार्टवेल यांना २००१ साली वैद्यकातला नोबेल मिळाला. पाव फुगवणाऱ्या बुरशीवर काम करून वैद्यकाचा नोबेल, हे ऐकायला गमतीचं वाटतं, पण कारण हेच.

१९९६ साली यीस्टचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला. केंद्रक असलेल्या सजीवांपैकी हा पहिलाच. १६ गुणसूत्रं, सुमारे १ कोटी २० लाख अक्षरं आणि साधारण ६,००० जनुकं.

आता वर्गाच्या दृष्टीने सोयी बघा. चांगलं खाणं आणि ३० अंश तापमान मिळालं तर यीस्टची पेशी साधारण दीड तासात दुप्पट होते. २४ तासांत १६ वेळा. कागदावर हिशेब केला तर एका पेशीच्या ६५,५३६ पेशी होतात. दोन-तीन दिवसांत त्या एका पेशीचा ठिपका नुसत्या डोळ्यांना दिसायला लागतो. त्या ठिपक्याला आपण वसाहत म्हणतो. म्हणजे ठिपके मोजले की सुरुवातीला किती पेशी जिवंत होत्या ते कळलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आणि ३० अंशांसाठी थंड देशांत वेगळी पेटी लागते, आपल्याकडे वर्षातले बरेच महिने टेबलाचा खण पुरतो.

सगळ्यात मोठी सोय मात्र वेगळीच आहे. आपल्या पेशीत प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक प्रत बिघडली तरी दुसरी सांभाळून घेते, त्यामुळे बिघाड दिसत नाही. यीस्ट मात्र दोन्ही तऱ्हांनी जगतं. एकच प्रत असलेली पेशी, तिला एकगुणित म्हणू, तीही मजेत वाढते. आणि दोन एकगुणित पेशी एकत्र येऊन झालेली द्विगुणित पेशीही वाढते. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ऑयविंड विंगे यांनी १९३०च्या दशकात हे दाखवून दिलं आणि तिथून यीस्टचं आनुवंशिकीशास्त्र सुरू झालं. एकगुणित पेशीत लपवायला जागाच नाही. जनुक बिघडलं की बिघाड समोर.

लाल ठिपके

पहिला प्रयोग रंगाचा. साधं यीस्ट बशीत वाढवलं की ठिपके साईच्या रंगाचे दिसतात. पण काही वाण असे आहेत की त्यांचे ठिपके गुलाबी, मग चांगले लालसर होतात. मुलांना वाटतं, या वाणात लाल रंगाचं जनुक असणार. इथेच थांबून आम्ही त्यांना विचारतो, जास्तीचं काही आलंय की असलेलं काही गेलंय?

उत्तर असं, की असलेलं गेलंय. डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक अक्षर म्हणजे अ‍ॅडेनीन. ते पेशी स्वतः बनवते, पण एका झटक्यात नाही, एकामागून एक अशा बऱ्याच पायऱ्यांनी. आपलं गुऱ्हाळ आठवा. उसाचा रस काढायचा, तो कढईत उकळायचा, काकवी होते, पुढे गूळ होतो, मग ढेप बांधायची. ढेप बांधणारा माणूस आला नाही तर काय होईल? ढेप होणार नाहीच, पण मागे कढईत माल साचत राहील. पेशीत तसंच होतं. एडीई-२ नावाचं जनुक एका पायरीचं काम करणारं विकर बनवतं, एडीई-१ त्याच्या पुढच्याच पायरीजवळचं. यातलं कुठलंही एक बिघडलं की अर्धवट बनलेलं रसायन साचतं. पेशी ते आपल्या रिक्तिकेत, म्हणजे कोठारात, नेऊन टाकते आणि तिथे त्याचा लाल रंग होतो.

म्हणजे लाल रंग हे जनुकाचं काम नव्हे, तर तुंबलेल्या कामाचा तो पुरावा आहे. ही एक गोष्ट मुलांना नीट कळली ना, तर 'अमुकचं जनुक, तमुकचं जनुक' असल्या बातम्या ती पुढे जन्मभर जरा जपून वाचतील.

आता यांचं लग्न लावू. एकगुणित यीस्टमध्ये दोन प्रकार असतात. एकाला 'ए' म्हणतात, दुसऱ्याला 'अल्फा'. नर-मादी म्हणू नका, दिसायला दोन्ही सारखेच. ए प्रकाराची पेशी फक्त अल्फाशी जुळते. निर्जंतुक टूथपिकने ए प्रकाराचं एडीई-१ बिघडलेलं लाल यीस्ट घ्यायचं, अल्फा प्रकाराचं एडीई-२ बिघडलेलं लाल यीस्ट घ्यायचं, आणि बशीत एका जागी कालवायचं. तीन-चार तासांनी थोडंसं सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर शेंगदाण्याच्या शेंगेसारख्या जुळलेल्या पेशी दिसतात. दुसऱ्या दिवशी हे मिश्रण अ‍ॅडेनीन नसलेल्या माध्यमावर पसरायचं.

आधी मुलांकडून अंदाज लिहून घ्यायचा. लाल आणि लाल मिळून काय होईल? बहुतेक वही म्हणते, लाल. दोन-तीन दिवसांनी बशीत येतात साईच्या रंगाचे ठिपके! वर्गात जो गलका होतो तो ऐकण्यासारखा असतो.

कारण सोपं आहे. पहिल्याकडे एडीई-२ चांगलं होतं, दुसऱ्याकडे एडीई-१ चांगलं होतं. एकत्र आल्यावर दोघांनी एकमेकांची उणीव भरून काढली. एका घरात चूल आहे पण सरपण नाही, शेजारी सरपण आहे पण चूल नाही, तसं. पण एडीई-१ बिघडलेल्या दोन लाल वाणांचंच लग्न लावलं तर? दोघांकडेही तीच उणीव. भरून कोण काढणार? अ‍ॅडेनीन नसलेल्या माध्यमावर ते वाढतच नाहीत, आणि अ‍ॅडेनीन असलेल्या माध्यमावर वाढतात तेव्हा लालच राहतात. दोन बिघाड एकाच जनुकात आहेत की वेगवेगळ्या, हे डीएनए न वाचता ओळखायची ही युक्ती. जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये ती आजही वापरतात, आणि तीच दहावीतल्या मुलीने टूथपिकने केलेली असते.

कॉलेजात आणखी एक पायरी पुढे जाता येतं. या साई-रंगाच्या द्विगुणित पेशींना उपाशी ठेवलं, म्हणजे पोटॅशियम अ‍ॅसिटेटच्या माध्यमावर काही दिवस ठेवलं, की त्या बीजाणू तयार करतात. एका पेशीतून चार बीजाणू, प्रत्येक पुन्हा एकगुणित. एडीई-१ पहिल्या गुणसूत्रावर आहे, एडीई-२ पंधराव्या गुणसूत्रावर. म्हणजे दोन्ही स्वतंत्रपणे वाटली जातात. चार शक्यता: दोन्ही चांगली, पहिलं बिघडलेलं, दुसरं बिघडलेलं, दोन्ही बिघडलेली. साई-रंग फक्त पहिल्या शक्यतेत. म्हणजे भरपूर बीजाणूंमधून वाढलेल्या वसाहतींत लाल आणि साई-रंग यांचं प्रमाण साधारण तीनास एक.

'अरे, हे तर मेंडेलचं तीनास एक!' असं कोणीतरी म्हणतंच. तर नाही. मेंडेलचं तीनास एक येतं ते एका जनुकाच्या दोन प्रतींतली एक प्रभावी असते म्हणून. इथे एकगुणित पेशीत प्रभावी-अप्रभावी हा प्रश्नच नाही. इथे दोन वेगळी जनुकं स्वतंत्र वाटली गेली म्हणून तो आकडा आला. आकडा तोच, पण कारण वेगळं. नुसता आकडा पाठ केला तर हे कधीच कळणार नाही.

उन्हात नेमकं काय होतं?

आता दुसरं वाक्य. सूर्याकडून येणाऱ्या अतिनील किरणांचे तरंगलांबीप्रमाणे तीन गट करतात. ३१५ ते ४०० नॅनोमीटर म्हणजे यूव्ही-ए. २८० ते ३१५ म्हणजे यूव्ही-बी. त्याहून आखूड म्हणजे यूव्ही-सी. यूव्ही-सी सगळं हवेत वरच अडतं. यूव्ही-बी बरंचसं ओझोन अडवतो, पण थोडं खाली पोचतं. डीएनए २६० नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात जास्त किरण शोषतो, त्यामुळे जमिनीपर्यंत येणाऱ्या किरणांपैकी त्याला थेट इजा करणारं मुख्यतः यूव्ही-बी.

इजा कशी? डीएनएच्या शिडीवर थायमीन अक्षरं शेजारी-शेजारी असली तर किरण शोषल्यावर ती दोन एकमेकांना चिकटतात. पुस्तकाची दोन पानं डिंकाने चिकटावीत तसं. पेशी डीएनएची नक्कल करायला बसली की तिथे येऊन अडकते, नाहीतर चुकीचं अक्षर लिहून पुढे जाते. अडकली तर मरण, चुकली तर उत्परिवर्तन. आपल्या त्वचेत अशा चुका साठत गेल्या की कर्करोगाची वाट मोकळी होते.

मग रोज उन्हात असूनही सजीव जगतात कसे? दुरुस्तीमुळे. यीस्टकडे यासाठी तीन मोठे मार्ग आहेत. पहिला, प्रकाशदुरुस्ती. एक विकर चिकटलेल्या जागेवर बसतं आणि निळसर प्रकाशाची ऊर्जा वापरून ती जोडी सोडवतं. दुसरा, कापून बदलणं. बिघडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना काप देऊन साधारण २५-३० अक्षरांचा तुकडा काढायचा आणि समोरच्या धाग्यावरून नवा भरायचा. तिसरा मार्ग दुरुस्तीचा म्हणण्यापेक्षा निभावून नेण्याचा. नक्कल करणारी यंत्रणा अडकली की तिला त्या जागेवरून कसंबसं पुढे काढायचं, डागडुजी मागाहून.

कॅन्ससच्या मंडळींनी शाळांसाठी जो वाण दिला, जी९४८-१सी/यू हे त्याचं नाव, त्यात हे तिन्ही मार्ग बंद आहेत. प्रकाशदुरुस्तीचं पीएचआर-१, कापून बदलण्यातलं रॅड-१ आणि निभावण्यातलं रॅड-१८ ही तीन जनुकं बिघडलेली आहेत. त्यामुळे साधं यीस्ट ज्या उन्हात आरामात राहतं, त्याच उन्हात हा वाण काही मिनिटांत मरतो. सावलीत ठेवला तर छान वाढतो, दिसायला काही फरक नाही.

प्रकाशदुरुस्तीचा शोध कसा लागला ते थोडक्यात सांगतो. १९४९च्या सुमारास अल्बर्ट केल्नर हे शास्त्रज्ञ अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बर इथे स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूचे बीजाणू अतिनील किरणांनी मारत होते. एकाच मात्रेला कधी थोडे वाचायचे, कधी प्रचंड संख्येने. त्यांना तापमानाचा संशय होता. शेवटी लक्षात आलं, की जास्त वाचणारे नमुने खिडकीच्या उजेडात होते! पुढे क्लॉड रुपर्ट यांनी हे काम करणारं विकर बेकरीच्या यीस्टच्या अर्कात दाखवलं. रुपर्ट यांचे विद्यार्थी अझीझ संजार. त्यांना डीएनए दुरुस्तीच्या कामासाठी २०१५ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. प्रयोगाचा आकडा पटत नसेल तर तो पुसून टाकू नये, खिडकीकडे बघावं, असं आम्ही मुलांना सांगतो. पण हे सांगण्याआधी एकदा आम्हीच ते विसरलो होतो. ती गोष्ट आता.

आमची फसगत

एका शाळेत आम्ही हा प्रयोग पहिल्यांदा घेतला तेव्हा मे महिना होता. ऊन असं की अंगणात पाय ठेववेना. मुलांनी बशा तयार केल्या, बरोबर वेळ लावून उन्हात ठेवल्या, आत आणल्या. तीन दिवसांनी बघतो तर ऊन खाल्लेल्या बशीत जवळपास तितकेच ठिपके, जितके सावलीतल्या बशीत. मुलं आमच्याकडे बघतायत. आम्ही म्हणालो, वाण खराब झाला असणार. विषय संपवला.

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, 'सर, बशीला झाकण होतं की.' आम्ही म्हणालो, 'काचेचं आहे ना बाळ, ऊन येतं त्यातून.' ती म्हणाली, 'ऊन येतं. पण तुम्ही सांगितलेलं ते किरण येतात का?'

मंडळी, उत्तर आमच्याच पुस्तकात होतं. साधी काच डोळ्यांना दिसणारा प्रकाश सोडते, बरंचसं यूव्ही-एही सोडते, पण यूव्ही-बी जवळजवळ सगळं अडवते. वाण उत्तम होता. आम्ही त्याला काचेचं छप्पर घालून उन्हात ठेवलं होतं. झाकणं काढून पुन्हा प्रयोग केला आणि उन्हातली बशी रिकामी निघाली. त्या दिवशी जर आम्ही 'वाण खराब' म्हणून घरी गेलो असतो, तर चाळीस मुलं ऊन निरुपद्रवी आहे किंवा विज्ञान फसवं आहे, यातलं काहीतरी एक शिकून गेली असती.

चार बशा

म्हणून आता आम्ही सुरुवात नेहमी चार बशांनी करतो. तुम्हीही तसंच करा.

माध्यम सोपं आहे. १०० मिलिलिटर पाण्याला १ ग्रॅम यीस्ट अर्क, २ ग्रॅम पेप्टोन, २ ग्रॅम ग्लुकोज आणि २ ग्रॅम आगर. घरच्या प्रेशर कुकरमध्ये दाब आल्यावर १५ ते २० मिनिटं ठेवून निर्जंतुक करता येतं. यीस्ट निर्जंतुक पाण्यात किंचित गढूळ होईल एवढं कालवायचं, मग दहा-दहा पटींनी पातळ करत जायचं, म्हणजे एका बशीत शंभर-दोनशे ठिपके येतील. किती पातळ करायचं ते आदल्या आठवड्यात एकदा करून बघावं लागतं.

आता चार बशा. एक, नाजूक वाण, उन्हात. दोन, नाजूक वाण, अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून त्याच उन्हात. तीन, साधं यीस्ट, उन्हात. चार, साधं यीस्ट, कागदात गुंडाळून. बशी उघडी ठेवली तर धूळ पडते, म्हणून झाकणाऐवजी स्वयंपाकघरातली पातळ पॉलिथिलीनची फिल्म ताणून लावायची. ती यूव्ही-बी बऱ्यापैकी सोडते.

चारच का? समजा पहिल्या बशीत सगळं मेलं. शंका येईल, उन्हाच्या उष्णतेने मेलं असेल. तिसरी बशी सांगते, नाही. तेवढ्याच उष्णतेत साधं यीस्ट जगलं. शंका येईल, नाजूक वाण मुळातच मरतुकडा असेल. दुसरी बशी सांगते, नाही. उजेड अडवला तर तो जगतो. चौथी बशी साध्या यीस्टचा मूळ आकडा देते. प्रत्येक बशी एकेका शंकेचं उत्तर आहे. मुलांना आम्ही 'नियंत्रण' हा शब्द आधी सांगत नाही. आधी शंका काढायला लावतो, बशी त्यांची तीच मागतात.

वेळ किती ठेवायचा? तेही मुलांनीच शोधायचं. अर्धा मिनिट, १, २, ४, ८ मिनिटं अशा बशा ठेवा आणि ठिपके मोजा. उदाहरणादाखल, झाकलेल्या बशीत २०० ठिपके आणि उन्हातल्या बशीत २०, तर १० टक्के वाचले. असे आकडे वेळेसमोर मांडले की आलेख तयार. सकाळी आठला आणि दुपारी बाराला तोच प्रयोग केला की दोन वेगळे आलेख येतात. ऊन तिरपं असलं की किरणांना हवेतून लांबचा प्रवास करावा लागतो, यूव्ही-बी वाटेतच जास्त अडतं. आपल्याकडे मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य अगदी डोक्यावर. त्या सुमाराची दुपारची बशी बघितली की ते का सांगतात, हे वेगळं समजवावं लागत नाही.

काय वाचवतं, काय वाचवत नाही

इथून पुढे प्रयोग मुलांचा. घरून आणायला सांगा. आजोबांचं धोतर, ओढणी, जीन्सचा तुकडा, छत्रीचं कापड, गॉगल, खिडकीची काच, उन्हाचं क्रीम. प्रत्येक वस्तू एका बशीवर धरायची, वेळ तीच. विरळ विणीच्या पातळ पांढऱ्या सुती कापडातून किरण बऱ्यापैकी गळतात, आणि ते ओलं असलं तर आणखी. जीन्सचं जाड कापड जवळजवळ सगळं अडवतं. गॉगलचा रंग गडद म्हणून तो चांगला, असं नसतं. किरण अडवणं हा काचेचा किंवा प्लास्टिकचा गुण आहे, रंगाचा नव्हे. आणि झाडाच्या सावलीत ठेवलेली बशीही पूर्ण वाचत नाही, कारण यूव्ही-बीचा बराच मोठा भाग थेट सूर्याकडून न येता निळ्या आकाशातून विखरून येतो.

क्रीम लावताना ते कधीही यीस्टवर लावायचं नाही. क्रीममधल्या रसायनाने यीस्ट मेलं तर आपण काय मोजलं तेच कळणार नाही. फिल्मवर लावायचं, आणि शेजारी बिनक्रीमच्या फिल्मची बशी ठेवायचीच. डबीवर एसपीएफ लिहिलेला असतो. तो आकडा १५ असेल तर त्वचा लाल करणाऱ्या किरणांचा पंधरावा हिस्सा, म्हणजे सुमारे ७ टक्के आत येतो. ३० असेल तर सुमारे ३ टक्के, ५० असेल तर २ टक्के. म्हणजे ३० वरून ५० वर गेल्याने फरक पडतो तो एक-दीड टक्क्याचा. पण ही मोजणी त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून केलेली असते. प्रत्यक्षात आपण त्याच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी लावतो. मुलांनी एका फिल्मवर नीट वजन करून आणि दुसऱ्या फिल्मवर नेहमीच्या हाताने लावून बघावं. डबीवरच्या आकड्यापेक्षा हाताची सवय किती मोठी, ते ठिपके सांगतात.

एक मर्यादा सांगून ठेवतो. यीस्ट म्हणजे आपली त्वचा नव्हे. या प्रयोगावरून अमुक कंपनीचं क्रीम खोटं, असा निवाडा देऊ नये. तुलना करायला शिकणं एवढाच याचा उपयोग, आणि तो पुरेसा मोठा आहे.

त्या नाजूक वाणासारखी माणसं

आता जरा गंभीर गोष्ट. माणसात प्रकाशदुरुस्तीचं ते विकर नाही. उत्क्रांतीच्या वाटेवर वार असलेल्या सस्तन प्राण्यांनी ते गमावलं. कांगारूकडे आहे, आपल्याकडे नाही. चिकटलेली अक्षरं सोडवायला आपली सगळी भिस्त कापून बदलण्यावर. तोही मार्ग जन्मतःच बंद असेल तर?

अशी मुलं असतात. आजाराचं नाव झेरोडर्मा पिग्मेंटोसम. फार दुर्मीळ. थोड्या उन्हानेही त्वचा भाजते, लहान वयात चेहऱ्यावर डागांचं जाळं येतं, आणि ज्या वयात त्वचेचा कर्करोग कोणाच्या मनातही येत नाही त्या वयात तो होतो. डॉक्टरांना हा आजार एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होता, पण कारण कळलं १९६८ साली. जेम्स क्लीव्हर यांनी दाखवलं, की या रुग्णांच्या पेशी अतिनील किरणांची इजा दुरुस्त करू शकत नाहीत. या आजाराशी संबंधित एक मानवी जनुक एक्सपीएफ. ते यीस्टच्या रॅड-१चं भावंड आहे. दोघांचं काम एकच, बिघडलेल्या तुकड्याच्या एका बाजूला काप देणं.

म्हणजे बशीतला तो नाजूक वाण आणि उन्हाला घाबरून पडदे लावून घरात बसलेलं एखादं लेकरू, यांच्यात बिघाड एकाच जागी असू शकतो. हे सांगितल्यावर वर्ग शांत होतो. एका मुलाने विचारलं होतं, 'मग त्यांनी शाळेत कधी जायचं?' याचं सोपं उत्तर नाही. अंग पूर्ण झाकणारे कपडे, डोळ्यांचं संरक्षण, किरण अडवणाऱ्या फिल्मच्या काचा, वारंवार तपासणी, एवढंच हातात असतं. पण वर्गातल्या मुलांना तोवर एक गोष्ट समजलेली असते, की तो आजार कोणाचं पाप नाही, आणि स्पर्शाने लागत नाही. एका जनुकाची ती गोष्ट आहे.

प्रश्नोत्तरांतून

व्याख्यानानंतर आलेल्या प्रश्नांपैकी तीन इथे देतो.

'आपली त्वचा सावळी, आपल्याला हे कशाला?' मेलॅनिन खरंच संरक्षण देतं आणि आपल्याकडे त्वचेचा कर्करोग गोऱ्या लोकांपेक्षा बराच कमी आहे. पण डोळ्यांना मेलॅनिनचं ते छत्र पुरत नाही, आणि मोतीबिंदूच्या कारणांत अतिनील किरणही येतात. शेतात, रस्त्याच्या कामावर दिवसभर उन्हात असणाऱ्यांना टोपी आणि सावलीतली सुट्टी मिळायला हवी. त्याच वेळी ड जीवनसत्त्व बनायला यूव्ही-बीच लागतं, हेही विसरू नका. ऊन आपला शत्रू नाही. किती आणि कधी, एवढाच प्रश्न आहे.

'बाजारातल्या पाकिटातल्या यीस्टवर हे होईल का?' ते दुरुस्तीत पटाईत असतं, त्यामुळे काही मिनिटांच्या उन्हात फरक दिसणार नाही. तिसऱ्या आणि चौथ्या बशीसाठी मात्र ते चालेल. नाजूक आणि लाल वाणांसाठी जवळच्या विद्यापीठातल्या यीस्टवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेशी बोला.

'प्रयोगशाळेतला जंतुनाशक दिवा वापरला तर?' शाळेत नको. तो यूव्ही-सी देतो, डोळ्यांना आणि त्वचेला क्षणांत इजा करतो. सूर्य पुरेसा आहे, आणि मुलांचा प्रश्नही सूर्याबद्दलच आहे. बशा उन्हात ठेवणाऱ्याने टोपी घालावी. काम संपल्यावर बशा फेकण्याआधी ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात, आणि प्रयोगातलं यीस्ट कधी चाखू नये.

शेवटी एक विनंती. हे ऐकून तुमच्यापैकी कोणी शिक्षक प्रयोग करणार असतील, तर लाल ठिपक्यांपासून सुरू करा किंवा चार बशांपासून, पण मुलांचा अंदाज आधी वहीत लिहून घ्या आणि चुकला तरी खोडू देऊ नका. आमचाही चुकला होता. ती वही अजून आमच्याकडे आहे. त्यात आमच्या अक्षरात 'वाण खराब' असं लिहिलंय, आणि त्याखाली त्या मुलीने पेन्सिलीने लिहिलंय, 'झाकण'.